मानेचं हाड मोडलंय, कडक कॉलर लागलीय? पुढचे तीन महिने घरी कसे काढायचे, वाचा सविस्तर

आंब्याच्या झाडावरून पाय घसरला, दुचाकी खड्ड्यात आदळली, विहिरीत सूर मारताना डोकं तळाला लागलं, बैलगाडीवरून तोल गेला किंवा म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरून पडलं. ग्रामीण भागात मानेचं हाड मोडतं ते बहुतेक अशाच कारणांनी. हातपाय चालू असतील, मज्जारज्जूला इजा नसेल आणि हाड फार सरकलेलं नसेल, तर अनेकदा ऑपरेशन न करता डॉक्टर मानेला कडक कॉलर लावतात आणि काही दिवसांनी रुग्णाला घरी सोडतात.

खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. दवाखान्यात नर्स असते, घरी कुणी नसतं. उठायचं कसं, झोपायचं कसं, अंघोळीचं काय, कॉलर धुवायची कशी, शेतात कधी जायचं, असे पन्नास प्रश्न पडतात. त्यात गावातला प्रत्येक जण वेगळाच सल्ला देतो. म्हणून ही सगळी माहिती एका जागी. रुग्णानं वाचावी आणि त्याहून जास्त घरच्यांनी वाचावी.

मान म्हणजे नेमकं काय?

मानेत सात मणके असतात. त्यांच्या मधून मेंदूकडून आलेला मज्जारज्जू खाली जातो. हात, पाय, लघवी, संडास या सगळ्यांचे निरोप याच दोरीतून जातात. श्वासाचा मुख्य पडदा चालवणारी नससुद्धा मानेच्या मधल्या भागातूनच निघते. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. एवढा भार हे सात मणके दिवसभर तोलून धरतात.

वरचे दोन मणके बाकीच्यांपेक्षा वेगळे असतात. पहिला कड्यासारखा गोल, त्याच्यावर डोकं टेकलेलं असतं. दुसऱ्या मणक्याला दातासारखा एक खुंटा असतो आणि त्या खुंट्याभोवती पहिला मणका फिरतो. डावीकडे-उजवीकडे बघताना मान जेवढी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळणं या एका सांध्यात होतं. वयस्कर माणूस उभ्याउभ्या पडलं तरी हा खुंटा मोडू शकतो, कारण हाडं ठिसूळ झालेली असतात. अशा मोडीचे तीन प्रकार डॉक्टर मानतात. ही विभागणी १९७४ साली अँडरसन आणि डी'अलोन्झो या डॉक्टरांनी केली आणि आजही तीच वापरतात. कुठल्या प्रकाराला नुसती कॉलर चालेल आणि कुठल्याला स्क्रू लागतील, हे त्यावरून आणि रुग्णाच्या वयावरून ठरतं.

म्हणूनच शेजारच्या गावातल्या कुणाला सहा आठवड्यांत कॉलर निघाली आणि आपल्याला बारा आठवडे का सांगितले, ही तुलना करू नये. मोड वेगळी, तर मुदतही वेगळी. साधारणपणे सहा ते बारा आठवडे कॉलर लागते, काहींना त्याहून जास्त.

कडक कॉलर आणि मऊ पट्टा, दोन्ही एक नाहीत

मान आखडली की मेडिकलमधून जो स्पंजचा मऊ पट्टा आणतात, तो मोडलेल्या मानेला उपयोगाचा नाही. तो फक्त मान हलवू नको अशी आठवण करून देतो, मान धरून ठेवत नाही.

कडक कॉलर दोन भागांची असते, पुढचा आणि मागचा. आत फोम किंवा मऊ गाद्या, बाहेर कडक प्लॅस्टिक. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं म्हणजे वेल्क्रोनं बांधतात. हनुवटी टेकायला पुढे खोबण असते आणि खालचा भाग छातीवर बसतो. आपल्याकडे फिलाडेल्फिया कॉलर जास्त दिसते. मायामी जे, ॲस्पेन अशा नावांच्याही कॉलर येतात.

डॉक्टरांनी जी लिहून दिली तीच घ्यायची आणि मापाचीच घ्यायची. दुसऱ्याची जुनी कॉलर लावू नये. कडक कॉलर टोचते म्हणून मऊ पट्टा आणून बांधणं म्हणजे मोडलेल्या मानेला काहीच न बांधल्यासारखं आहे.

नीट बसली आहे का, हे असं बघा:
- हनुवटी खोबणीत टेकलेली आहे, आत घसरत नाही आणि पुढे लोंबत नाही.
- नजर सरळ समोर आहे. मान वर ताणलेली किंवा खाली झुकलेली नाही.
- पुढचा भाग मागच्या भागाच्या वरून येतो. कॉलरवर बाण असतील तर ते वरच्या दिशेला आहेत.
- पट्टा घट्ट आहे, पण श्वास घेताना आणि थुंकी गिळताना अडथळा होत नाही.

दवाखान्यात कॉलर नीट बसवून दिली की वेल्क्रो जिथं संपतो तिथं पेनानं खूण करून घ्या. घरी पुन्हा लावताना त्याच खुणेवर आणायचं. मोबाईलवर समोरून आणि बाजूनं फोटो काढून ठेवला तर आणखी सोपं जातं.

सेंट्रिंग आणि स्लॅब

हाड जुळतं कसं, हे कळलं की कॉलर का काढायची नाही हेही कळतं. घराचा स्लॅब टाकला की वरून दोन दिवसांत कडक दिसतो. पण कुणी लगेच खालचं सेंट्रिंग काढत नाही. काढलं तर स्लॅब बसतो. मोडलेल्या हाडाचं असंच आहे. आधी तिथं रक्ताची गाठ होते, मग कच्चं, मऊ हाड तयार होतं आणि हळूहळू ते पक्कं होतं. कॉलर हे त्याचं सेंट्रिंग.

गडबड होते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दुखणं बरंच कमी झालेलं असतं, माणूस हिंडूफिरू लागतो आणि त्याला वाटतं, आता बरं झालं. पण दुखणं थांबणं आणि हाड जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वेळी पाऊस पडून वापसा आलेला असतो, पेरणी डोक्यावर असते, माणसं मिळत नाहीत. मग पठ्ठ्या "जरा वेळ" म्हणून कॉलर काढून ट्रॅक्टरवर बसतो. कच्चं हाड तेव्हा सरकलं तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. चालता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. एक पेरणी चुकली तर पुढच्या हंगामात भरून काढता येते, हे नुकसान भरून येत नाही.

कॉलर कधी काढायची, हे फक्त डॉक्टर सांगतील. तेही एक्स-रे किंवा सीटी स्कॅन बघून. अनेकदा शेवटी मान पुढे-मागे करून एक्स-रे काढतात आणि हाडं जागच्या जागी राहतात का ते तपासतात. ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते. घरी मान हलवून बघायची नाही.

झोपणं, कूस बदलणं, उठणं

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर कॉलर झोपतानाही घालायची असते. झोपेत मान आपल्या हातात नसते.

खाट मधून झोळ पडलेली नको. सुंभाची किंवा नवारीची ढिली खाट असेल तर त्यावर फळी टाकून वर पातळ गादी घाला. खाली जमिनीवर झोपलं तर उठताना फार जोर लागतो, म्हणून पलंग बरा. सुरुवातीला पाठीवर झोपावं. उशी घ्यायची की नाही आणि केवढी, हे डॉक्टरांना विचारून घ्या. जाड उशी मान पुढे ढकलते. पोटावर झोपायचं नाही.

कूस बदलताना डोकं, खांदे आणि कंबर एकदम वळली पाहिजे, लाकडाचा ओंडका वळवतात तशी. आधी डोकं, मग अंग असं चालत नाही.

उठायची रीत अशी:
१. पाठीवर असताना दोन्ही गुडघे वाकवा.
२. सगळं अंग एकदम कुशीवर वळवा.
३. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर व हाताच्या जोरावर बाजूनं उठा.
४. दोन मिनिटं काठावर बसा. चक्कर येत नाही ना बघा, मग उभे राहा.

पाठीवरून सरळ उठून बसायचा प्रयत्न करू नका. घरच्यांनी हात धरून ओढू नये आणि मानेखाली हात घालून उचलू नये. खांद्यामागे आधार द्यावा.

उलटी आली तर घाबरून मान वळवू नका. आडवे असाल तर घरच्यांनी सगळं अंग एका कुशीवर घ्यावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

कॉलर काढून त्वचा कशी पुसायची?

कॉलरखाली घाम साचतो. उन्हाळ्यात तर जास्तच. त्वचा ओली राहिली आणि प्लॅस्टिक एकाच जागी दाबत राहिलं की जखम होते. हनुवटी, जबडा, कानामागे, डोक्याची मागची बाजू, गळ्याची हाडं आणि खांदे या जागा रोज बघाव्या लागतात. साखर असलेल्या आणि वयस्कर रुग्णांची त्वचा लवकर फाटते.

पण त्यासाठी कॉलर उघडावी लागते आणि हे काम जोखमीचं आहे. दवाखान्यातून सुट्टी होण्याआधी नर्स किंवा फिजिओथेरपिस्टकडून घरच्या दोन माणसांनी प्रत्यक्ष करून शिकून घ्यावं. शिकवलं नसेल तर मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. डॉक्टरांनी घरी कॉलर उघडायचीच नाही असं सांगितलं असेल, तर त्वचा तपासायलाही दवाखान्यात जा.

परवानगी असेल तर साधारण पद्धत अशी असते:
- रुग्ण सपाट पलंगावर पाठीवर, उशी काढलेली. सगळं सामान आधी हाताशी ठेवा.
- एक माणूस डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी डोकं दोन्हीकडून स्थिर धरतो. काम संपेपर्यंत त्यानं हात सोडायचा नाही, फोन वाजला तरी नाही.
- दुसऱ्यानं पुढचा भाग काढायचा, त्वचा बघायची, ओल्या फडक्यानं पुसायची, कोरडी करायची आणि पुढचा भाग परत लावायचा.
- मागची बाजू पुसायची तर अंग ओंडक्यासारखं एकत्र कुशीवर घ्यायचं.
- रुग्णानं या वेळी बोलायचं नाही, मान हलवायची नाही. दुखलं तर हात वर करायचा, अशी खूण आधी ठरवून घ्या.

साबण साधा वापरा आणि नीट पुसून काढा. पावडर, तेल, मलम, हळद कॉलरखाली लावू नका. पावडर घामात गोळा होऊन टोचते आणि तेलानं त्वचा नरम पडते. गाद्या साबणाच्या पाण्यात धुवून, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. गाद्यांचा दुसरा जोड मिळत असेल तर घेऊन ठेवा.

गळ्यातलं मंगळसूत्र, माळ, ताईत, चेन तेवढे दिवस काढून ठेवा. कॉलरखाली त्याचा वळ उठतो आणि जखम होते. मंगळसूत्र काढायचं नसेल तर हाताला बांधायची सोय करता येते. लांब केसांची वेणी बाजूला घ्या, मागे आंबाडा नको. दाढी वाढली तर खाज सुटते. दाढी पाठीवर झोपवून, कुणी तरी डोकं धरलेलं असताना करावी.

लाल डाग पडला आणि कॉलर लावल्यावरही बराच वेळ गेला नाही, कातडी सोलली, पाणी आलं किंवा वास येऊ लागला, तर दवाखान्यात दाखवा. कॉलरच्या आत कापसाचे बोळे किंवा कापडाच्या घड्या खुपसू नका. त्यानं माप बिघडतं.

अंघोळ आणि संडास

डोक्यावरून तांब्यानं पाणी घ्यायचं नाही. सुरुवातीचे दिवस खुर्चीवर बसून अंग पुसून घ्यावं. नंतर मानेखाली पाणी घेता येतं, पण फरशी कोरडी हवी, खाली रबरी चटई हवी आणि हाताशी माणूस हवं. केस धुवायचे कसे, हे डॉक्टरांना विचारूनच.

उकिडवं बसताना आणि उठताना पुढे वाकावं लागतं, तोल जातो. शक्यतो मधे भोक असलेली कमोड खुर्ची घ्या. मेडिकलच्या दुकानात भाड्यानंही मिळू शकते. बाहेर शेताकडे जाणं या काळात बंद. रात्री उठायचं असेल तर दिवा लावून आणि कुणाला तरी उठवूनच.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथताना मानेवर ताण येतो आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी संडास घट्ट होते. पाणी, पालेभाजी, फळं वाढवा. तरी साफ होत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.

जेवताना घास अडकू नये म्हणून

कॉलरमुळे तोंड पूर्ण उघडत नाही, ताट दिसत नाही आणि गिळताना अडखळतं. वयस्कर माणसात घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. मानेच्या मोडीनंतर म्हाताऱ्यांना धोका असतो तो यातूनही.

- नेहमी ताठ बसून जेवा. आडवं पडून पाणीसुद्धा पिऊ नका.
- जमिनीवर नको, खुर्चीवर बसा. ताट टेबलावर उंच ठेवा.
- भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून घ्या. खिचडी, पेज, मऊ भात, उकडलेली अंडी असं खा.
- घास छोटा, नीट चावून. तोंडात घास असताना बोलू नका.
- पाणी, ताक, चहा स्ट्रॉनं प्या. पेल्यानं पिताना मान मागे टाकावी लागते.
- जेवल्यावर निदान अर्धा तास बसून राहा.

दर घासाला ठसका लागत असेल, आवाज ओला घरघरता झाला असेल, ताप आला असेल तर वाट बघू नका.

हाड भरायला प्रथिनं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी महागडी पावडर आणायलाच हवी असं नाही. दूध, दही, डाळी, शेंगदाणे, तीळ, नाचणी, अंडी, मासे घरात चालतात ते खा. सकाळी थोडा वेळ अंगणात उन्हात बसा. म्हाताऱ्या माणसाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं असेल तर हाडाच्या ठिसूळपणाची तपासणी आणि उपचार विचारून घ्या, नाहीतर पुढचं पडणं दुसरं हाड मोडतं.

बिडी, तंबाखू, दारू

बिडी-सिगारेटनं हाड उशिरा जुळतं. कधीकधी जुळतच नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि मोडलेल्या जागी रक्त कमी पोचतं. तंबाखू, गुटखा, मिश्री यांतही निकोटिन असतंच. निदान हे तीन महिने तरी बंद ठेवा. दारू प्यायली तर तोल जातो, आणि दुखण्याच्या गोळ्यांबरोबर तर ती आणखी घातक. गोळ्या चिठ्ठीप्रमाणेच घ्या. मेडिकलमधून दुखण्याच्या आणखी गोळ्या मनानं आणू नका. किडनीचा त्रास, पित्त किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

चालणं, काम आणि प्रवास

नुसतं पडून राहू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात, मग अंगणात चाला. पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साचतो आणि अंगातली ताकद जाते.

मात्र कॉलर असताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. उंबरठा, पायपुसणं, कोंबड्या, शेळीची दोरी, लेकरांची खेळणी, ओला शेणसडा, सगळं धोक्याचं. वाट मोकळी ठेवा. सपाता सोडून मागे पट्टा असलेली चप्पल घाला. मागून कुणी हाक मारली तर मान नको, सगळं अंग वळवा. घरच्यांनीही समोर येऊनच बोलावं. मोबाईल खाली धरून बघू नका, डोळ्यासमोर धरा.

काय करायचं नाही:
- डोक्यावर हंडा, भारा, पाटी काहीही घेणं.
- पाण्याची भरलेली बादली, धान्याचं पोतं, गॅसची टाकी उचलणं, लेकरू कडेवर घेणं. किती किलोपर्यंत चालेल ते डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला तांब्याभर पाणी हेच वजन पुरे.
- धार काढणं, खुरपणी, पाठीवर फवारणीचा पंप, जनावर सोडणं-बांधणं. गाय-बैलानं मान झटकली तरी मोठा हिसका बसतो.
- दुचाकी, ट्रॅक्टर, सायकल, बैलगाडी. चालवायचं नाही आणि मागेही बसायचं नाही.

तपासणीला जाताना वडाप किंवा काळीपिवळीत कोंबून जाऊ नका. चारचाकीत पुढच्या सीटवर पट्टा बांधून, किंवा एसटीत पुढच्या भागात बसून जा. मागच्या सीटवर हादरे जास्त बसतात.

चोळणं, मोडणं, बांधणं: साफ नको

"हाडवैद्याकडं जाऊ, दोन दिवसांत बसवतो" असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. हात-पायाचं हाड आणि मानेचं हाड यात फरक आहे. मान चोळली, ओढली किंवा झटका दिला तर आत मज्जारज्जू आहे. न्हाव्याकडून मान मोडून घेणं, तेलाची मालिश, पाय देणं, गरम वीट किंवा पोटलीचा शेक, यातलं काहीही करायचं नाही. कॉलरखाली लेप लावायचा नाही. म्हाताऱ्यांचं मन मोडवत नसेल तर अंगारा कपाळाला लावा, मानेला हात लावू नका.

ही लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा

- हातात किंवा पायात नव्यानं मुंग्या, बधिरपणा, जोर कमी वाटणं. हातातून पेला निसटणं, बटण लावता न येणं, पाय अडखळणं.
- लघवी तुंबणं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं.
- मान वाकवल्यावर पाठीतून किंवा हातापायातून करंट गेल्यासारखं वाटणं.
- श्वास घ्यायला त्रास, गिळता न येणं.
- मानेतलं दुखणं एकदम वाढणं, आत काहीतरी सरकल्यासारखं वाटणं.
- पुन्हा पडणं, कॉलर असली तरी.
- एका पायाची पोटरी सुजणं व दुखणं, किंवा अचानक छातीत दुखून दम लागणं.

अशा वेळी रुग्णाला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. सपाट झोपवा, कॉलर काढू नका, डोकं दोन्हीकडून स्थिर धरा आणि रुग्णवाहिकेची वाट बघा. कॉलर सैल होणं, तुटणं, वजन उतरल्यामुळे ढिली पडणं हीसुद्धा लगेच दवाखाना गाठायची कारणं आहेत.

मनाचंही दुखणं असतं

दिवसरात्र गळ्यात फास असल्यासारखं वाटतं. झोप लागत नाही, चिडचिड होते. कमावता माणूस घरी बसला की कर्जाचा हप्ता आणि शेतीची कामं डोक्यात घोळतात. बाईमाणूस आजारी असेल तर चुलीपुढे कोण, हा प्रश्न येतो आणि बऱ्याच बायका त्यापायी कॉलर घालून भाकरी थापायला बसतात. घरच्यांनी कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरवावी. भेटायला येणाऱ्यांनी "अमक्याचं असंच झालं आणि तो गेला" अशा गोष्टी सांगू नयेत. जेवण तुटलं, कशातच मन लागत नाही, जगून काय उपयोग असं बोलणं येऊ लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे.

कॉलर निघाल्यावर

कॉलर निघाली की मान एकदम मोकळी होत नाही. ती जड, कडक आणि अशक्त वाटते. इतके दिवस काम न केल्यानं स्नायू आळसावलेले असतात. म्हणून बऱ्याचदा डॉक्टर एकदम न काढता आधी घरात थोडा वेळ, मग हळूहळू जास्त वेळ, अशी सोडायला सांगतात. प्रवासात काही दिवस ठेवायला सांगतात.

फिजिओथेरपिस्ट आधी मान न हलवता, फक्त तळहाताला डोकं हलकेच दाबायचे व्यायाम देतात. नंतर हळूहळू वळवायचे. व्यायामात ताण जाणवला तर चालतं. कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर थांबा आणि विचारा. वरच्या दोन मणक्यांचं ऑपरेशन करून ते एकमेकांना जोडले असतील, तर मान पहिल्याइतकी वळणार नाही, हे आधीच समजून घ्या. गाडी चालवताना मागचं बघायला आरसे आणि सगळं अंग वळवायची सवय लागेल.

काही वयस्कर रुग्णांमध्ये खुंट्याचं हाड पूर्ण जुळत नाही, तरी मधे घट्ट तंतू तयार होऊन मान स्थिर राहते आणि डॉक्टर कॉलर काढायला सांगतात. एक्स-रेत फट दिसली म्हणून घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना नीट विचारा.

डोक्यावर ओझं, पोती, कुस्ती, विहिरीत उडी, झाडावर चढणं याची परवानगी सगळ्यात शेवटी मिळते. काहींना ती कधीच मिळत नाही.

खर्च आणि योजना

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात मोफत मिळतात. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा आणि दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. नंतर सांगून उपयोग होत नाही. चौकशीसाठी टोल फ्री क्रमांक १५५३८८.

रस्ता अपघात असेल तर केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी.

शेतात पडून किंवा इतर अपघातात शेतकऱ्याला कायमचं अपंगत्व आलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १ ते २ लाख रुपये मिळू शकतात. वय १० ते ७५ हवं. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात. हाड मोडून पूर्ण बरं झालं तर मात्र हे अनुदान मिळत नाही, कुणी एजंट पैसे मागत असेल तर सावध राहा.

एक्स-रे, सीटीच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. प्रत्येक तपासणीला जुना एक्स-रे न्या. हाड जुळतंय की सरकतंय, हे जुना आणि नवा शेजारी ठेवूनच कळतं. बरं वाटतंय म्हणून एकही तारीख चुकवू नका.

*(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक रुग्णाची मोड वेगळी असते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. घरात किंवा शेजारी कुणाला कॉलर लागली असेल तर त्यांच्या घरच्यांना ही माहिती जरूर पाठवा.)*